पाडव्याची गाठी, उसाचा फड आणि लेकरांचा वसंत

वसंतातल्या संध्याकाळी चार माणसं जमवायची आणि व्याख्यान ऐकायचं, ही सवय आपल्याकडे जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ऊन उतरलेलं, हवेत जरा गारवा, कामं आटोपलेली, आणि ऐकायला वेळ. वसंत म्हणजे मोकळा वेळ, असं एक समीकरण त्यातून शहरी मराठी मनात पक्कं बसलं आहे. आज आम्ही बोलणार आहोत ते नगर जिल्ह्यातल्या वसंताबद्दल. आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण बोलताना आमच्या तोंडी नगरच येतं, तेवढं सांभाळून घ्या. आणि तोही थोरामोठ्यांचा वसंत नाही. ज्या घरात सहा वर्षांच्या आतली लेकरं आहेत, त्या घरातले फाल्गुन-चैत्राचे दिवस गेल्या दीडशे वर्षांत कसे गेले, एवढाच आजचा विषय.

विषय साधा वाटतो. पण इतिहास शिकवणाऱ्यांना तो अवघड जातो. कारण उघड आहे. निजामशाही १४९० ला कशी उभी राहिली, याचे कागद आहेत. चांदबिबीनं किल्ला कसा लढवला, त्याच्या बखरी आहेत. पण चैत्रातल्या एखाद्या दुपारी दोन वर्षांचं पोर कुठं झोपलं होतं, त्याला कोण सांभाळत होतं, त्यानं काय खाल्लं, हे कुणी लिहून ठेवत नाही. लहान लेकरू कागदावर येतं ते फक्त तीन वेळा. त्याच्यावर कुणाला खर्च करावा लागला तर, ते दगावलं तर, किंवा शाळेच्या पटावर त्याचं नाव चढलं तर. हे तीन प्रकारचे कागद हाताशी धरूनच आज आपल्याला जायचं आहे.

आधी बऱ्या वर्षातला वसंत बघू. पाऊस झालेला आहे, रब्बीची ज्वारी हाताशी आली आहे, अशा वर्षातला. आपल्यापैकी ज्यांचं बालपण नगरकडच्या खेड्यात गेलं, त्यांना हे सांगायची गरज नाही. माघ संपता संपता ज्वारीची काढणी सुरू होते. घरातली झाडून सगळी माणसं रानात. तान्हं लेकरू बांधावरच्या बाभळीला किंवा लिंबाला बांधलेल्या झोळीत. ती झोळी म्हणजे आईचं जुनं लुगडं. झोका द्यायला पाच-सहा वर्षांची ताई. कणसं खुडणाऱ्या आईचा एक कान कामावर आणि एक झोळीकडे. मळणी झाली, खळं उठलं, की घरातली कामं निघतात. चिंचा झोडपायच्या, फोडायच्या, चिंचोके वेगळे काढायचे. हे काम पोरांच्या आवडीचं, कारण त्यात हात आणि तोंड दोन्ही चालू राहतं. मग कुरडया. गहू भिजत घालायचे, वाटायचे, सत्त्व काढायचं आणि भल्या पहाटे चुलीवर चीक शिजवायचा. कुरडई उन्हात पडायच्या आधी वाटीभर गरम चीक, त्यावर तूप किंवा दूध आणि साखर. झोपेतून उठून डोळे चोळत चुलीपाशी येऊन बसलेली पोरं, हे नगरकडच्या फाल्गुनाचं खरं चित्र आहे.

मग होळी, रंगपंचमी आणि पाडवा. या तिन्ही सणांच्या मध्ये पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्रा भरते. होळीपासून पाडव्यापर्यंत ती चालते आणि रंगपंचमीचा दिवस मोठा. मढीचा गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. तो का भरतो, हे लक्षात घ्या. ज्यांचं घर गाढवाच्या पाठीवर असतं, अशा भटक्या जमाती वर्षातून एकदा इथं एकत्र यायच्या. मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात ती त्यामुळं. इथं जातपंचायती बसत, भांडणं मिटत, सोयरिकी ठरत. वर्षभर चार दिशांना विखुरलेले आजोबा, चुलते, मावश्या लेकराला एकाच ठिकाणी भेटायच्या त्या इथं. म्हणजे वसंतात घरी परतायचं किंवा आपल्या माणसांत परतायचं, ही गोष्ट या मातीत नवी नाही. ती पुढं वेगळ्या रूपात येणार आहे.

पाडव्याला गुढीला साखरेची गाठी बांधतात आणि घरातल्या लहान लेकराच्या गळ्यात गाठी घालतात. पांढरी, गुलाबी, साच्यातून काढलेली, दोऱ्यात ओवलेली साखर. लेकरू ती दिवसभर मिरवतं आणि संध्याकाळपर्यंत निम्मी चाटून संपवतं. ही गाठी तेवढी लक्षात ठेवा. आजच्या व्याख्यानात साखर पुन्हा पुन्हा येणार आहे.

पाडव्याची आणखी एक रीत आहे, पाटीपूजनाची. पाटीवर एक-एक आकडे जुळवून सरस्वती काढायची, हळदकुंकू वाहायचं, लेकराच्या हातानं नमस्कार करवायचा. हे पाटीपूजन वर्षातून दोन मुहूर्तांना करतात. एक दसरा आणि दुसरा पाडवा. हेही लक्षात ठेवा.

आता जिल्हा. क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा, चौदा तालुक्यांचा. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाई, हरिश्चंद्रगड, भंडारदरा, म्हणजे सह्याद्रीचा धो धो पाऊस. तिथून पूर्वेकडं आणि दक्षिणेकडं यायला लागलं की पाऊस गळत जातो. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी, शेवगाव हा सगळा पर्जन्यछायेतला मुलूख. इथं पाऊस फसला की वसंताचा अर्थच बदलतो. विहिरीचं पाणी माघातच तळाला जातं आणि चैत्र म्हणजे पाण्यामागं आणि कामामागं धावायचा महिना होतो.

असा एक चैत्र १८७७ चा. १८७६ चा पाऊस गेला आणि दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. सरकारनं दुष्काळी कामं काढली. दौंड-मनमाड रेल्वे नगरवरून जाते ना, तिचं मातीकाम या दुष्काळात झालं आणि १८७८ साली ती गाडी सुरू झाली. आपण आज त्या गाडीनं जातो तेव्हा हे डोक्यात येत नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नगरचा खंड १८८४ साली निघाला. या गॅझेटियरांत दुष्काळी कामांवरची सुरुवातीची मजुरी दिलेली असते. पुरुषाला दिवसाला दोन आणे, बाईला दीड आणा आणि काम करण्याजोग्या मुलाला किंवा मुलीला एक आणा. पुढं हे दरही धान्याच्या भावाशी बांधून घट्ट आवळले गेले.

या दरपत्रकाकडं जरा निरखून बघा. 'काम करण्याजोगं' मूल. म्हणजे मातीची पाटी उचलू शकतं ते मूल कागदावर आलं, त्याची किंमत एक आणा ठरली. जे उचलू शकत नाही, जे आईच्या काखेत आहे, त्याला या दरपत्रकात रकाना नाही. त्याचं पोट आईच्या दीड आण्यात. पुढं दुष्काळ आयोग बसला, १८८० च्या दशकात दुष्काळ संहिता आल्या, आणि त्यांत कामावर आलेल्यांच्या लहान लेकरांसाठी वेगळा भत्ता किंवा शिजवलेलं अन्न द्यायची तरतूद झाली. ती दया म्हणून झाली असं समजायचं कारण नाही. लेकरं आणि दूध पाजणाऱ्या आया किती झपाट्यानं खंगतात, हे सरकारला मरणाच्या आकड्यांवरून कळलं होतं. तरी सुद्धा, इथून पुढं तान्हं लेकरू सरकारी हिशेबात आलं, ही नोंद महत्त्वाची आहे.

आता पाण्याकडं वळू. प्रवरा नदीवर भंडारदऱ्याला धरण बांधायला १९१० मध्ये सुरुवात झाली, १९२६ मध्ये ते पुरं झालं. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्यावरून त्याला विल्सन डॅम म्हणतात. दुष्काळात जगायला आधार म्हणून कालवे काढायचे, हा यामागचा जुना विचार होता. पण कालव्याचं पाणी सर्वांत जास्त ओढून घेतलं ते उसानं. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना उभा राहिला. मग विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं लोणीजवळ प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना झाला. १९५०-५१ च्या हंगामात त्याचं गाळप सुरू झालं. पुढं कोपरगाव, राहाता, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे या पट्ट्यात कारखाने उभे राहिले. त्यांच्याबरोबर शाळा, दवाखाने, कॉलेजं आली. या पट्ट्यातल्या लेकरांचा वसंत खरोखर पालटला. चैत्रात विहिरीला पाणी, दारात गाय, घरात दूध, आणि पोराला शाळेत धाडायला आई-बाप जागेवर हजर. हे यश मोठं आहे आणि ते आम्ही कमी लेखत नाही.

पण ऊस आपोआप तुटत नाही. त्याला तोडणारे हात लागतात, आणि तेही थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत सलग. ते हात कुठून आले? याच जिल्ह्याच्या कोरड्या भागातून, पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून, आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून. हा ओघ आधीपासून होता. १९७२ च्या दुष्काळानंतर तो वाढला.

१९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या पिकल्या केसांच्या मंडळींना आठवत असेल. लाल मिलो ज्वारी, सुकडी, आणि खडी फोडायची कामं. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. आई खडी फोडते आहे, आणि चार काटक्या रोवून त्यावर टाकलेल्या धडप्याच्या सावलीत लेकरू निजलंय. १८७७ ची तीच झोळी, शंभर वर्षांनी. फरक एवढाच, की यातून एक कायदा निघाला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पुढं २००५ च्या देशपातळीवरच्या कायद्यात तर स्पष्ट लिहिलं गेलं, की कामावर सहा वर्षांच्या आतली पाच किंवा जास्त लेकरं असतील, तर त्यांना सांभाळायला कामावरच्याच एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. लेकरू सांभाळणं हे मजुरी देण्याजोगं काम आहे, हे कायद्यात यायला एवढा काळ लागला.

याच काळात जामखेडला दुसरी एक गोष्ट घडत होती. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली तिथं आलं आणि त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या भागात तेव्हा जन्मलेल्या हजार लेकरांमागं १७६ लेकरं पहिला वाढदिवस बघत नव्हती. म्हणजे साधारण साडेपाच-सहा लेकरांमागं एक. प्रत्येक गल्लीत, जवळजवळ प्रत्येक घरात एक रिकामी झोळी. लोक म्हणत, नशीब. आरोळ्यांनी बघितलं, की ही लेकरं काही अवघड रोगांनी जात नाहीत. जातात ती जुलाबानं, उपासमारीनं, धनुर्वातानं, खोकल्या-तापानं. दुष्काळात त्यांनी पाच वर्षांखालच्या लेकरांसाठी गावोगावी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली, पिण्याच्या पाण्यासाठी बोअर घेतले. आणि मुख्य म्हणजे गावातल्याच बायका आरोग्य सेविका म्हणून तयार केल्या. त्यांच्यातल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती आणि अनेक जणी दलित समाजातल्या होत्या. ज्यांच्या हातचं पाणी गाव घेत नव्हतं, त्यांच्या हातात गावानं आपली लेकरं दिली. हे एका वर्षात झालं नाही, पण झालं.

आणि इथं साखर पुन्हा येते. फाल्गुन-चैत्रात पाणी आटतं, गढूळ होतं, आणि लेकरांना हगवण लागते. जुनी समजूत अशी, की हगवण लागली की पाणी तोडायचं. त्यानंच लेकरू सुकून जायचं. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर-मीठ-पाण्याच्या द्रावणावर हजारो जीव वाचतात हे दाखवून दिलं. घरगुती प्रमाण अगदी सोपं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. ते लेकराला चमच्या-चमच्यानं पाजत राहायचं. हे ज्ञान दवाखान्यात ठेवून उपयोग नव्हता. ते चुलीपाशी पोचायला हवं होतं, आणि ते पोचवलं शेजारणीनं. नव्वदच्या दशकाच्या मध्याला प्रकल्पाच्या गावांतलं ते हजारी १७६ चं प्रमाण २६ च्या आसपास आलं होतं. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण आमच्या दृष्टीनं जामखेडचा खरा धडा असा, की घरातली आई आणि शेजारची बाई यांच्या हातात ज्ञान दिलं, तर चैत्रातलं लेकरू जगतं.

बरं, लेकरू जगलं. पुढं काय? ते घरी राहिलं का? इथं आपण ऊसतोडीकडं येतो.

पाथर्डीकडच्या एखाद्या गावाचं वर्ष कसं असतं बघा. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. उचल म्हणजे हंगामाची आगाऊ मजुरी. ती लग्नात, दवाखान्यात, घराच्या पत्र्यात आधीच गेलेली असते. करार होतो तो माणसाशी नाही, 'कोयत्या'शी. कोयता म्हणजे नवरा आणि बायको, मिळून एक. एकटं माणूस असेल तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. भाषा बघा किती स्पष्ट आहे. अख्खं कुटुंब म्हणजे एक हत्यार, आणि १८७७ च्या दरपत्रकासारखंच, त्यात लेकराला रकाना नाही. भगवानगडाच्या परिसरातला दसरा झाला, की गाड्या भरायला लागतात. संसार, कोंबड्या, शेरडं, चुलीचं सामान आणि वर लेकरं. दिवाळीच्या आगेमागे गावं रिकामी होतात. मागं राहतात म्हातारी माणसं, आणि ज्यांची शाळा बुडू नये म्हणून आज्जीपाशी ठेवलेली थोडी मोठी पोरं.

तिकडं कारखान्याच्या परिसरात पाचटाच्या, बांबूच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटे, अंधारात आई उठते. भाकरी थापते. चारच्या सुमाराला फडाकडं निघायचं. तान्ह्याला कोपीत ठेवता येत नाही, म्हणून ते बरोबर. फडात बाप तोडतो, आई साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. लेकरू बांधावर. त्याच्यापाशी सहा-सात वर्षांची बहीण. ही बहीण आमच्या सगळ्या गोष्टीत पहिल्यापासून आहे, तुमच्या लक्षात आलं असेल. ज्वारीच्या बांधावर झोका देत होती ती हीच. तेव्हा ती काढणीपुरती झोका द्यायची आणि मग चीक खायला घरी यायची. इथं मात्र तिचा झोका पाच-सहा महिने थांबत नाही. म्हणून तिची शाळा थांबते. आणि ती मोठी होताना पालात सुरक्षित नाही म्हणून, शिवाय लग्न झालं की एक नवा कोयता तयार होतो म्हणून, तिचं लग्न अठराच्या आत उरकायची घाई होते. एका झोळीला किती गोष्टी बांधलेल्या आहेत पाहा.

फाल्गुन लागला की सगळ्यांचे कान हिशेबाकडं. ऊस संपत आला का, पट्टा कधी पडणार, उचल फिटली का. फिटली नसेल तर बाकी पुढच्या वर्षावर. पाडव्याच्या आधी घरी पोचायचं ही सगळ्यांची इच्छा. कधी साधतं, कधी कारखाना लांबतो आणि वैशाख उजाडतो.

आम्ही पाडव्याच्या आसपास या गावांत गेलो, की एक गोष्ट दरवेळी बघायला मिळते. ओट्यावर आज्जी बसलेली असते. गाडी येते. आई उतरते, आणि आज्जीपाशी राहिलेलं चार-पाच वर्षांचं पोर आईकडं धावत जात नाही. ते आज्जीच्या पदराआड जातं. पाच महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा केवढा तुकडा! आई त्याच्याकडं बघते, काही बोलत नाही. पिशवीतून काहीतरी खाऊ काढते आणि समोर धरते. संध्याकाळपर्यंत ते तिच्या मांडीवर आलेलं असतं. वसंत म्हणजे या घरांत हे असतं, ओळख परत पटायचे दिवस. पाडव्याला त्या पोराच्या गळ्यात गाठी पडते. ज्या उसाची ती साखर, तो उत्तरेच्या कुठल्यातरी फडात याच्याच आई-बापानं तोडलेला असू शकतो.

आता पाटीपूजनाकडं परत येऊ. दोन मुहूर्त सांगितले होते, दसरा आणि पाडवा. आपली शाळा जूनमध्ये भरते, पण तिचं मुख्य शिकवणं होतं ते या दोन मुहूर्तांच्या मधल्या काळात. आणि ऊसतोडीचं लेकरू नेमकं तेवढ्याच काळात गावात नसतं. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढली, आणि पाटी घरी राहिली. पाडव्याला परत आलं, तेव्हा वर्ग पुढं निघून गेलेला. परीक्षा एप्रिलमध्ये. आळशीपणा, पालकांना शिक्षणाची किंमत नाही, असं जे सहज बोललं जातं, त्याच्या आधी ही दोन पंचांगं एकमेकांपुढं ठेवून बघावीत.

यावर उपाय झाले नाहीत असं नाही. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. जनार्थसारख्या संस्थांनी त्या चिकाटीनं चालवल्या. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मग जोर आला तो नियमित शाळेवर. मूल जिथं असेल तिथल्या शाळेत घ्या, असं ठरलं. त्यासाठी शिक्षण हमी कार्ड आलं. कागदावर हे बरोबर आहे. फडापासून शाळा चार-पाच किलोमीटर असेल आणि बहिणीला तान्ह्यापाशी थांबायचं असेल, तर कार्ड हातातच राहतं. गावी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं झाली. २०२१ मध्ये सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. याचा उपयोग होतो, हे मान्यच करायला हवं. पण हे सगळे उपाय शाळेच्या वयाच्या मुलांचे आहेत. झोळीतल्या लेकराचं काय? तान्ह्याला कुणी सांभाळलं, तरच बहीण शाळेत जाणार. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ पासून जे काम मांडलं, त्यातून अंगणवाडी हा शब्द आणि विचार आपल्याला मिळाला. लेकरू शाळेत येत नसेल, तर शाळेनं लेकराच्या अंगणात जायचं. सरकारी बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, आज गावोगावी अंगणवाडी आहे. फडाला मात्र अंगण नाही. जिथं कोप्या पडतात तिथं हंगामापुरतं पाळणाघर, ही मागणी म्हणूनच शिक्षणाचीही मागणी आहे.

एक छोटी पण शहाणपणाची गोष्ट सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळांचे शिक्षक पाडव्याच्या दिवशी घरोघर जातात आणि पुढच्या वर्षासाठी पोरांची नावं घालून घेतात. 'गुढीपाडवा, पट वाढवा' असं त्याला म्हणतात. कुणाला ती आकड्यांची धावपळ वाटेल. पण हा दिवस निवडण्यात एक माहिती दडलेली आहे. शिक्षकाला ठाऊक आहे, की या दिवशी आई-बाप घरी सापडतील. आमचा जो तिसऱ्या प्रकारचा कागद, पटाचा, त्यावर लेकराचं नाव चढतं ते वसंतात.

आता दुसरी वाट. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार. हे गावही कोरड्या भागातलं. १९७२ नंतर तिथूनही माणसं पोट भरायला बाहेर पडली. १९८९-९० च्या सुमाराला पोपटराव पवार सरपंच झाले. डोंगरावर चर खणले, बांध घातले, झाडं लावली, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, उसासारखी पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, असे नियम ग्रामसभेनं स्वतःवर घालून घेतले. दरवर्षी पाऊस किती पडला ते मोजायचं, आधी पिण्याचं पाणी बाजूला काढायचं आणि मग पिकं ठरवायची. पाण्याचा ताळेबंदच म्हणा. गेलेली कुटुंबं परत आली. याची चर्चा नेहमी उत्पन्नाच्या अंगानं होते. आम्हाला त्यात दिसतं ते असं, की त्या घरांतली लेकरं दसऱ्यालाही घरी असतात आणि पाडव्यालाही. बहिणीची शाळा वाचली ती पाझरलेल्या पाण्यामुळं. प्रत्येक गावाला हिवरे बाजार होता येईल, असा दावा आम्ही करत नाही. डोंगराची ठेवण, नेतृत्व, एकी हे सगळं जुळून यावं लागतं. पण लेकराचा वसंत पाण्याच्या वाटपावर ठरतो, हे तिथं स्वच्छ दिसतं.

तेव्हा मंडळी, दीडशे वर्षांचा हा प्रवास थोडक्यात असा. १८७७ मध्ये तान्ह्या लेकराला दरपत्रकात रकाना नव्हता. पुढं तो दुष्काळी संहितेत आला, रोजगार हमीत आला, अंगणवाडीत आला. जामखेडच्या बायकांनी तर त्याला जगवून दाखवलं. फक्त उसाच्या फडात, कोयत्याच्या करारात, तो अजून यायचा आहे. जिल्ह्याच्या एका अर्ध्या भागाची भरभराट दुसऱ्या अर्ध्या भागाच्या हातांवर उभी आहे. त्या हातांबरोबर आलेल्या लेकरांची जबाबदारी कुणाची, कारखान्याची, मुकादमाची, सरकारची, की साखर खाणाऱ्या आपल्या सगळ्यांची, हा प्रश्न इतिहासाचा नाही असं कुणी म्हणेल. आम्हाला तो इतिहासाचाच वाटतो. कारण शंभर वर्षांनी कुणी आपल्या काळाचे कागद उघडील, तेव्हा त्यालाही तो रकाना शोधावा लागणार आहे.

पुढच्या पाडव्याला घरातल्या लेकराच्या गळ्यात गाठी घालताना हे आठवलं, तर आजची संध्याकाळ कामी आली असं आम्ही समजू. आता प्रश्न असतील तर जरूर विचारा. ज्यांचं बालपण फडावर गेलंय असं कुणी इथं असेल, तर त्यांनी आधी बोलावं, आम्ही ऐकतो.